झाकलेलं पिस्तूल, लपवलेलं पिस्तूल

अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी २९ राज्यांत, २०२४ अखेरच्या हिशेबाने, सज्ञान माणूस कसलाही परवाना न काढता भरलेलं पिस्तूल शर्टाखाली खोचून बाजारात जाऊ शकतो. व्हर्मांटमध्ये अशा परवान्याची पद्धत कधी आलीच नाही. अलास्काने ती अट २००३ मध्ये काढली, ॲरिझोनाने २०१० मध्ये, टेक्ससने १ सप्टेंबर २०२१ पासून. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवलीत विशीतला मुलगा हे मोबाइलवर पाहतो. त्याच मोबाइलवर कमरेला पिस्तूल लावून नाचणाऱ्यांचे आणि हवेत बार काढणाऱ्यांचे रील्सही येतात. डोक्यात सगळ्याची सरमिसळ होते. शस्त्राचा परवाना म्हणजे गाडीच्या लायसन्ससारखा एक कागद, तो नसला तर फार तर दंड होईल, अशी समजूत होऊन बसते. या समजुतीपायी पोरं थेट तुरुंगात जातात, आणि त्यांच्या घरच्यांना कायदा कळतो तो पहिल्यांदा वकिलाच्या खुर्चीसमोर बसल्यावर. तो आधी कळावा, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडे राज्याराज्याचा वेगळा शस्त्रकायदा असूच शकत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय केंद्राच्या सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. कायदा एकच: शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. राज्य सरकार आणि पोलीस यांच्याकडे त्याची अंमलबजावणी असते, पण महाराष्ट्राने उद्या ठरवलं तरी परवान्याची अट उठवता येणार नाही. या कायद्याचं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय अग्निशस्त्र मिळवणं, जवळ बाळगणं आणि बरोबर नेणं हे तिन्ही मना आहे. ते घरच्या कपाटात होतं, दुचाकीच्या डिकीत होतं की कमरेला होतं, याने गुन्हा टळत नाही.

हे असं का, याचं उत्तर घटना समितीत सापडतं. १८७८ च्या इंग्रजी शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातून हत्यार काढून घेतलं आणि गोऱ्यांना मात्र सूट दिली. तो अपमान राष्ट्रीय चळवळीच्या मनात खोल रुतला होता. त्यामुळे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकांच्या हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत याच ठरावाचा आधार घेऊन तो हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, ही त्यांची अडचण होती. समितीने सूचना फेटाळली. आज घटनेचं कलम १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देतं तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये परवाना नसलेल्या हत्यारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही अमेरिकेत हा घटनात्मक हक्क आहे आणि आपल्याकडे नाही, हाच फरक न्यायमूर्तींनी बोलून दाखवला.

गुलामीतला तो अपमान खरा होता, तरी बाबासाहेबांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. हक्क म्हटला की तो हातातून काढून घेण्याचं ओझं सरकारवर येतं. परवानगी म्हटली की ती का हवी, हे मागणाऱ्याला सांगावं लागतं. आपला सगळा शस्त्रकायदा या दुसऱ्या पायावर उभा आहे.

पण म्हणून कायदा सगळ्या बंदुकांकडे एकाच नजरेने पाहत नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. नळी किमान २० इंच लांब असलेली गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नाकारण्याजोगं काही कारण नसल्यास परवाना द्यावा, असं कायदा म्हणतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर येतं दुसऱ्या वाटेने. तिथे अर्जदाराला सबळ कारण आहे, याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. लांब नळीची बंदूक खांद्यावर टाकली की गावभर दिसते, आखूड हत्यार शर्टाखाली जातं. म्हणूनच लांब बंदुकीची नळी कापून आखूड करण्यावर कलम ६ मध्ये स्वतंत्र बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे.

तळवली महसुली हिशेबात ठाणे जिल्ह्यात येते, त्यामुळे परवान्यासाठी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे या कायद्यापुरते आयुक्त हेच जिल्हा दंडाधिकारी. नवी मुंबईचं आयुक्तालय १९९४ मध्ये झालं, त्यामुळे तळवलीकराचा अर्ज जातो तो बेलापूरला. अर्जदाराचं वय २१ पूर्ण लागतं. अर्ज आला की स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो. माणूस राहतो कुठे, करतो काय, त्याच्यावर गुन्हे आहेत का, शांतता राखण्याचं हमीपत्र त्याच्याकडून कधी लिहून घेतलं होतं का, हे सगळं त्यात येतं. शरीर आणि मन ठीक असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केलं. परवाना मिळाला तर त्याला राष्ट्रीय नोंदीतला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि मुदत असते पाच वर्षांची. २०१९ पूर्वी ती तीन वर्षं होती. एका माणसाला पूर्वी तीन हत्यारं ठेवता येत, आता दोनच. ९ मिलिमीटरसारख्या प्रतिबंधित बोअरचं हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे परवान्यावरची बहुतेक छोटी हत्यारं पॉइंट ३२ बोअरची असतात.

अधिकाऱ्याने नाकारलं तर त्याला कारण लेखी नोंदवावं लागतं. आयुक्तांच्या नकारावर राज्य सरकारकडे अपील करता येतं. याच कायद्यात एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचं वाटतं: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे जिवाची भीती ही फक्त पैसेवाल्याला असते, असं कायदा मानत नाही. व्यवहारात मात्र काय दिसतं? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांकडे सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष गेलं. एकट्या त्या जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने होते. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि पुढच्या काही आठवड्यांत प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. ते रद्द करता आले याचा अर्थ ते देताना सबळ कारणाची पारख झाली नव्हती, आणि याची जबाबदारी ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यावरही येते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०१६ च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात ८४,०५० परवाने होते, तर उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजारांच्या आसपास. त्या मानाने आपला आकडा लहान. तो तसाच राहावा.

आता परवाना हातात आला, हत्यार विकत घेतलं. ते लावून घणसोलीच्या बाजारात फिरायचं का? इथे आपला नियम अमेरिकेतल्या वादाच्या अगदी वेगळ्या जागी उभा आहे. तिकडे वाद असा असतो की उघडं न्यायचं की झाकून. आपल्याकडे २०१६ चा नियम ३२ स्पष्ट सांगतो की सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार न्यायचं तर अंगाला लावलेल्या हॉल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, मोठं हत्यार त्याच्या खोळीत; आणि ते पूर्ण झाकलेलं हवं, नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. परजणं, रोखणं, हवेत बार काढणं मना. नियम मोडला तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. म्हणजे परवानाधारकाने पिस्तूल दिसू न देणं ही त्याच्यावरची अट आहे. शर्ट वर करून मूठ दाखवणारा माणूस, त्याच्याकडे कितीही पक्का परवाना असो, नियम मोडत असतो. लग्नात, हळदीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या पट्ट्यात हळदीची रात्र म्हणजे आख्खं गाव मांडवात असतं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका असतात. वर गेलेली गोळी खाली येतेच.

परवानाच नसेल तर तीच झाकलेली कंबर गुन्हा वाढवते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २६ मध्ये छुप्या उल्लंघनाचा वेगळा गुन्हा आहे. सरकारी नोकराला कळू नये अशा बेताने कोणी विनापरवाना हत्यार बाळगलं किंवा नेलं, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एरवी कलम २५ खाली साध्या विनापरवाना पिस्तुलासाठी किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं आणि दंड आहे. २०१९ पूर्वी हे एक ते तीन वर्षं होतं. खास कारणं लेखी नोंदवून न्यायालय किमान शिक्षा कमी करू शकतं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून कोणी राहू नये. हत्यार प्रतिबंधित प्रकारचं निघालं तर हिशेब सात वर्षांपासून सुरू होऊन चौदापर्यंत जातो. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला सात वर्षं ते जन्मठेप.

कलम २० मधली एक तरतूद लोकलने रोज जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. हत्यार ज्या रीतीने नेलं जातंय त्यावरून ते बेकायदा कामासाठी वापरलं जाईल असा रास्त संशय आला, तर पोलीसच काय, रेल्वेत काम करणारा माणूसही वॉरंटशिवाय अटक करू शकतो. आणि परवाना असला तरी करू शकतो. तसं त्या कलमातच लिहिलेलं आहे.

आपल्याकडच्या बातम्यांत पोलिसांची भाषा ठरलेली असते. गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली, सापळा रचला, इसम संशयास्पदरीत्या उभा दिसला, अंगझडतीत कमरेला खोचलेलं देशी बनावटीचं पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं मिळाली, भारतीय शस्त्र अधिनियम कलम ३, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७ (१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल. हे पिस्तूल म्हणजे गावठी कट्टा. महाराष्ट्रातल्या अशा अनेक कट्ट्यांचा माग जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीपर्यंत जातो. तिथे ते घरगुती भट्ट्यांवर घडवले जातात आणि तिथून हस्तकांमार्फत पुण्या-मुंबईकडे येतात. कट्ट्याची नळी कारखान्यातल्या पोलादाची नसते, घोडा सैल असतो. तो फुटून चालवणाऱ्याचाच पंजा उडू शकतो. आणि एकदा हाती आला की तो सहसा एकाच हातात राहत नाही. मित्राला दाखवायला दिला, त्याने दोन दिवस ठेवून घेतला, असं होत जातं, आणि साखळीतल्या प्रत्येकावर गुन्हा लागतो.

इथे आईबाप नेहमी एक प्रश्न विचारतात: पोराला माहीतच नव्हतं की मित्राच्या बॅगेत काय आहे, मग? कायदा या बाबतीत आंधळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुनवंतलालच्या खटल्यात सांगितलं की ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. हत्यार आपल्याकडे आहे याची जाणीव हवी आणि त्यावर आपलं नियंत्रण हवं. विमानतळावर बॅगेच्या अस्तरात विसरलेलं एखादं काडतूस सापडलेल्या प्रवाशांवरचे कित्येक गुन्हे उच्च न्यायालयांनी याच मुद्द्यावर रद्द केले आहेत. पण जाणीव होती हे सिद्ध झालं, की हेतू चांगला होता हे सांगून सुटता येत नाही. अभिनेता संजय दत्त याच्या खटल्यात १९९३ चं एके-५६ आणि ९ मिलिमीटरचं पिस्तूल होतं. कुटुंबाच्या संरक्षणासाठी घेतलं होतं, ही बाजू तिथे टिकली नाही. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कठोर आरोपांतून तो सुटला, शस्त्र अधिनियमाखाली मात्र दोषी ठरला, आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली. एवढी माणसं, एवढे वकील पाठीशी असलेल्याला येरवड्याला जावं लागलं.

मघाच्या बातमीतलं कलम ३७ हे फक्त बंदुकीचं नाही. त्याखाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. पोलीस ठाण्याच्या फलकावर तो लावलेला असतो आणि सहसा पंधरा दिवसांचा असतो. बंदुका, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या, काठ्या, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास तो मनाई करतो. ज्यांना दुर्बलतेमुळे काठी टेकावी लागते त्यांना सूट, असंही अशा आदेशांत छापलेलं असतं. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, पण घरकामाची, शेतीची आणि धंद्याची अवजारं त्यातून वगळली आहेत. भात कापायचा विळा, मासळी कापायची सुरी, नारळ सोलायचा कोयता यांना परवाना लागत नाही. तोच कोयता मनाई आदेश चालू असताना रात्री अकराला दुचाकीवर पाठीमागे खोचलेला सापडला, तर पोलीस तो अवजार म्हणून सोडून देणार नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचा व्हिडिओ टाकणाऱ्यांवर शस्त्र अधिनियमाच्या कलम ४, २५ खाली महाराष्ट्रभर गुन्हे दाखल होत आलेत. त्यांतली कितीतरी पोरं नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतात.

परवाना माणसाचा असतो, हत्याराचा किंवा घराचा नाही, हे ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये फार भयंकर रीतीने दिसलं. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मॉरिस नोरोन्हा याने गोळ्या घातल्या आणि मग स्वतःवरही झाडून घेतली. वापरलेलं पिस्तूल त्याचं नव्हतं. ते त्याच्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं, आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. कायद्यात दुसऱ्याच्या हाती हत्यार देण्याची वाट अगदी अरुंद आहे: दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा परवानाधारकाला नेऊन देण्यासाठी, तेही त्याच्या समोर किंवा त्याने लेखी दिलं असेल तर. भावाला, मुलाला, ड्रायव्हरला 'जरा ठेव तुझ्याकडे' म्हणून देणं यात बसत नाही. परवान्यावर कोणत्या भागापुरता तो चालतो हेही लिहिलेलं असतं. त्या भागाबाहेर जत्रेला किंवा लग्नाला जाताना हत्यार नेलं, तर परवाना असूनही अट मोडल्याचा गुन्हा होतो.

नवी मुंबईतून अमेरिकेला गेलेल्यांची घरं आता इथे गल्लोगल्ली आहेत, म्हणून तिकडचं एक सांगायलाच हवं. टेक्सस किंवा जॉर्जियात परवाना लागत नाही, म्हणून तिथे नोकरीला गेलेल्या मुलाने पिस्तूल घ्यावं असं नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद सोडले, तर १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर परिस्थिती बदलते. त्यातही एडिसनसारख्या मराठी वस्तीच्या न्यू जर्सीत दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना चालत नाही, आणि विनापरवाना पिस्तूल नेणं हा पाच ते दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

इकडे कोकणातल्या शेतकऱ्याची तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अनेक घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. रानडुक्कर आणि वानर आचारसंहिता पाळत नाहीत, आणि शेतकऱ्याचं पीक डोळ्यांसमोर जातं. गोव्यातून आलेल्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेणं योग्य नाही. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले अशांची प्रकरणं छाननी समितीने एकेक करून तपासावीत. जिल्ह्यात आणि आयुक्तालयात अशी समिती असते. आपल्याला नोटीस आली आणि आपण त्या कोणत्याही प्रकारात बसत नसू, तर तिच्यापुढे लेखी म्हणणं मांडावं.

तळवलीत ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांच्या वाट्याला कधीकधी आजोबांची बंदूक येते. आजोबा गेले की त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो, बंदूक मात्र माळ्यावर राहते, आणि त्या दिवसापासून घरातला जो तिचा ताबा ठेवतो तो विनापरवाना ठरतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि हवी असेल तर वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. आजोबा हयात असतील तरी हे करता येतं: परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा ते हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हापासून वारसाला अर्ज करण्याची मुभा २०१६ च्या नियमांत दिलेली आहे.